मुंबई–लंडन : अंतर ठरलेले, मग वेळ दर वेळी वेगळी का?

प्रश्न असा आहे : मुंबई ते लंडन हवाई अंतर नेमके किती? अंतर काढून देणारी संकेतस्थळे 'सव्वाआठ-साडेआठ तास' सांगतात, पण तिकिटावर जाताना दहाच्या आसपास आणि येताना नऊच्या आसपास तास छापलेले असतात. यातले खरे काय धरायचे?

आधी आकडे देतो. विमानतळ ते विमानतळ सर्वांत जवळचे अंतर साधारण ७,२१० किलोमीटर, म्हणजे सुमारे ३,८९० सागरी मैल. प्रत्यक्ष उडालेला मार्ग बहुतेक दिवशी ७,४०० ते ७,७०० किलोमीटरच्या दरम्यान. जाताना गेटपासून गेटपर्यंत साडेनऊ ते सव्वादहा तास, येताना साडेआठ ते सव्वानऊ. संकेतस्थळाचे सव्वाआठ तास चुकीचे नाहीत. ते वारा नसलेल्या, बंद हवाई हद्दी नसलेल्या आणि टॅक्सीवेवर (धावपट्टीपर्यंत नेणाऱ्या वाटेवर) रांग नसलेल्या जगातले आहेत.

हे ७,२१० कुठून आले ते स्वतः ताडून बघता येते. फोनमधल्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर पाच मिनिटांचे काम आहे. मुंबई विमानतळाचे अक्षांश १९.०९ उत्तर, रेखांश ७२.८७ पूर्व. लंडनच्या हीथ्रो विमानतळाचे अक्षांश ५१.४७ उत्तर, रेखांश ०.४६ पश्चिम. रेखांशांतले अंतर ७३.३३ अंश. आता दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा : ०.३२७ × ०.७८२ = ०.२५६. मग दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार, आणि त्याला रेखांशातल्या फरकाच्या कोसाइनने पुन्हा गुणा : ०.९४५ × ०.६२३ × ०.२८७ = ०.१६९. दोन्हींची बेरीज ०.४२५. या आकड्याचा उलटा कोसाइन (कॅल्क्युलेटरवरचे cos⁻¹ बटण) घेतला की ६४.८७ अंश येतात (मधली उत्तरे पूर्ण आकड्यांसह ठेवली तर; तीनच दशांश घेतले तर किंचित इकडेतिकडे होईल). एक अंश म्हणजे ६० सागरी मैल, म्हणून ३,८९२. त्याला १.८५२ ने गुणा, ७,२०८ किलोमीटर. पृथ्वी अगदी गोल नसल्यामुळे वेगवेगळ्या संकेतस्थळांवर दहा-वीस किलोमीटरचा फरक दिसतो, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

इथे चुका दोनच होतात. कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर असतो, तेव्हा उत्तर इतके विचित्र येते की लगेच कळते. दुसरी चूक कळत नाही : हीथ्रो ग्रिनिचच्या पश्चिमेला आहे, त्यामुळे ०.४६ हे ७२.८७ मध्ये मिळवायचे असतात. पुष्कळजण वजा करतात आणि साठेक किलोमीटर कमी येतात. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजणाऱ्यांना याउलट सुमारे २०० किलोमीटर जास्त मिळतात, कारण त्या नकाशावरची सरळ रेघ गोलावरचा जवळचा रस्ता नसते.

हा जवळचा रस्ता, ज्याला ग्रेट सर्कल म्हणतात, नेमका कुठून जातो हे पाहिले की पुढचा सगळा गोंधळ समजतो. त्याचे आठ सारखे भाग करा. प्रत्येक भाग सुमारे ९०० किलोमीटरचा, आणि मोठी विमाने उंचावर वारा नसताना तासाला साधारण तेवढेच जातात. म्हणजे एक भाग, एक तास. मुंबई सोडताना दिशा वायव्य. पहिल्या तासाला रेषा थेट कराचीवर येते. दुसऱ्या तासाला पूर्व इराण. तिसऱ्याला उत्तर इराण, कॅस्पियन समुद्राच्या किनाऱ्यालगत. चौथ्याला, बरोबर निम्म्यावर, जॉर्जियातल्या तिबिलिसीच्या थोडे दक्षिणेला. पाचव्याला क्रिमियाचे पूर्व टोक. सहाव्याला पश्चिम युक्रेन. सातव्याला जर्मनीतले सॅक्सनी. आठव्याला लंडन, आणि तिथे पोचेपर्यंत दिशा जवळजवळ नेमकी पश्चिम झालेली असते.

आता याच यादीत पाहा, आज कुठून जाता येत नाही. युक्रेनची हद्द २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे, सगळ्यांनाच. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ पासून भारतीय विमान कंपन्यांना आपली हद्द बंद केली आणि पुढे ती मुदत महिन्या-महिन्याने वाढवत नेली. भारतानेही ३० एप्रिलपासून तसेच केले. ही बंदी परस्परांच्या विमानांपुरती आहे. त्यामुळे मुंबईहून लंडनला जाणारी ब्रिटिश कंपनीची विमाने कराचीच्या बाजूने जाऊ शकतात, भारतीय कंपनीची नाही. एकाच दिवशी, एकाच तऱ्हेच्या विमानाने जाणाऱ्या दोन कंपन्यांच्या वेळांत फरक दिसतो त्याचे हे एक कारण. इराण आणि इराक उघडे असतात तोवर ठीक. १३ जून २०२५ ला इराणवर हल्ले झाले तेव्हा इराण, इराक, जॉर्डन आणि इस्राएलच्या हद्दी एकाच सकाळी बंद झाल्या, आणि मुंबईहून लंडनला निघालेले विमान वाटेतूनच मुंबईला परतले होते.

वळसा किती महाग पडतो, याचाही हिशोब याच सूत्राने होतो. मधला एखादा बिंदू घ्या आणि दोन तुकड्यांची बेरीज करा. मस्कतवरून गेलात तर मुंबई–मस्कत १,५९० आणि मस्कत–लंडन ५,८३५, मिळून ७,४२५. म्हणजे जेमतेम २१५ किलोमीटर जास्त, पंधरा मिनिटे. मस्कतहून पुढची रेषा इराण, तुर्कस्तानचा उत्तर किनारा, काळा समुद्र, रुमानिया अशी जाते आणि युक्रेन आपोआप टळते. म्हणून पाकिस्तान बंद असण्याचा फटका मुंबईला फार बसत नाही. तो दिल्लीला बसतो, कारण दिल्लीच्या विमानाला आधी उलट दिशेने, नैर्ऋत्येला अरबी समुद्रापर्यंत उतरावे लागते. इराणही टाळायचा झाला आणि रियाधवरून जायचे म्हटले तर २,७७० अधिक ४,९४०, म्हणजे ७,७१०. पाचशे किलोमीटर वाढले, समोरच्या वाऱ्यात पस्तीसेक मिनिटे.

यातून आणखी एक गोष्ट निघते, तिकीट काढताना ती उपयोगी पडते. दुबईला विमान बदलून जाण्यात अंतर वाढतच नाही म्हटले तरी चालेल : १,९२५ अधिक ५,५००, म्हणजे पुन्हा ७,४२५ च. थेट विमानही जवळपास त्याच वाटेने जाते. वाढतो तो जमिनीवरचा वेळ, म्हणजे दुसऱ्यांदा उतरणे, थांबणे, विमानाचे जमिनीवर सरकत जाणे आणि चढणे. दिल्लीला बदललेत तर मात्र अंतरही वाढते (१,१४० अधिक ६,७३०, म्हणजे थेटपेक्षा ६६० किलोमीटर जास्त) आणि वर दिल्लीचा तो वळसाही माथी येतो. दोन्ही तिकिटांवर 'एक थांबा' असेच लिहिलेले असते.

आता वारा. सगळ्यांत जास्त गैरसमज इथे आहेत. 'पृथ्वी पूर्वेकडे फिरते म्हणून पश्चिमेला जाताना कमी वेळ लागायला हवा' हे नेहमी विचारले जाते. हवा पृथ्वीबरोबरच फिरते, त्यामुळे तो फायदा नाही. उरतो तो त्या हवेचा जमिनीच्या तुलनेतला वेग. ३५–४० हजार फुटांवर, या पट्ट्यात, वर्षातला बराच काळ तो पश्चिमेकडून पूर्वेकडे असतो. हिवाळ्यात उपोष्ण कटिबंधातला जेट प्रवाह, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वाऱ्याचा पट्टा, उत्तर भारत, इराण, अरबस्तान या पट्ट्यावर येऊन बसतो आणि त्याच्या गाभ्यात ताशी २०० किलोमीटरहून जास्त वेग सहज असतो. उन्हाळ्यात तो उत्तरेला सरकतो आणि मंदावतो. पावसाळ्यात तर दक्षिण भारत आणि अरबी समुद्रावर खूप उंचीवर वारा उलटा, म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो. मुंबई सोडल्यावर सुरुवातीच्या टप्प्यात जाणाऱ्या विमानाला त्याची थोडी मदतही होते, पण त्याचा खरा जोर विमानांच्या नेहमीच्या उंचीच्या वर आणि मुंबईच्या दक्षिणेला असतो.

पूर्ण मार्गाची सरासरी काढली तर गाभ्यातले ते २०० उरत नाहीत, कारण वारा सगळीकडे सारखा नसतो आणि बहुतेक ठिकाणी तिरका लागतो. हिशोबासाठी समोरून सरासरी ताशी ६० धरा. मोठ्या विमानाचा हवेतला वेग ०.८५ मॅक, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ०.८५ पट; उणे ५६ अंश तापमानाला ते ताशी ९०० च्या जरा वर होते. मार्ग ७,५०० किलोमीटरचा धरू. जाताना जमिनीवरचा वेग ८४०, वेळ ८ तास ५६ मिनिटे. येताना ९६०, वेळ ७ तास ४९ मिनिटे. नुसत्या वाऱ्याने एक तास सात मिनिटांचा फरक पडला. आणि जाताना जेवढे गमावले तेवढे येताना परत मिळत नाही : वारा नसता तर ८ तास २० मिनिटे लागली असती, म्हणजे जाताना ३६ मिनिटे गेली, येताना ३१ च आली. समोरच्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ राहता, म्हणून तो जास्त नुकसान करतो.

विमान कोणते आहे हेही बघा. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० ०.८५ च्या आसपास जातात, ७७७ ०.८४ ला, ए३३० मात्र ०.८२ ला. हा फरक ताशी तीसेक किलोमीटर, या अंतरावर वीस मिनिटांच्या आसपास. वैमानिक 'वेळ भरून काढतो' म्हणतो तेव्हा त्याच्या हातात किती असते तेही यावरून कळते. ०.८५ चे ०.८७ केले तर आठ तासांत बारा मिनिटे वाचतात, आणि इंधन त्या मानाने बरेच जास्त जळते. दोन तास उशिरा सुटलेले विमान हवेत दोन तास कमावत नाही. ते भरून निघालेच तर वेळापत्रकात ठेवलेल्या राखीव मिनिटांतून आणि हवाई वाहतूक नियंत्रकाने दिलेल्या सरळ वाटेतून.

वरच्या ८ तास ५६ मिनिटांचे तिकिटावरचे दहा तास कसे होतात ते पाहू. चढताना आणि उतरताना विमान ९०० ने जात नाही, त्याचे साधारण वीस मिनिटे जादा. मुंबईत गेटवरून मागे ढकलल्यापासून चाके सुटेपर्यंत पंधरा ते तीस मिनिटे. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे त्या स्वतंत्रपणे एकाच वेळी वापरता येत नाहीत. गर्दीच्या वेळी शेपटीला शेपूट लावून उभी असलेली विमाने खिडकीतून दिसतात ती यामुळेच. हीथ्रोला उतरण्याआधी दहा-पंधरा मिनिटे हवेत घिरट्या घालणे नेहमीचेच. लंडनभोवती त्यासाठी चार ठरलेल्या जागा आहेत : बोव्हिंग्डन, लॅम्बोर्न, ऑकहॅम आणि बिगिन हिल. पूर्वेकडून येणाऱ्यांच्या वाट्याला बहुतेक लॅम्बोर्न किंवा बिगिन हिल येते. उतरल्यावर गेटपर्यंत आणखी दहा मिनिटे. बेरीज दहा तासांच्या आसपास जाते.

हीथ्रोची एक खोच आहे. रात्री साडेअकरा ते सकाळी सहा या वेळेत तिथल्या विमानांवर मर्यादा आहेत. म्हणून मुंबईहून मध्यरात्रीनंतर निघून पहाटे पोचणारे विमान वाऱ्याने साथ दिली तरी फार लवकर उतरू शकत नाही. ते वाटेतच वेग कमी करते किंवा घिरट्या घालते. प्रवाशांना वाटते वैमानिक वेळ काढतोय, आणि ते खरेच असते.

परतीला मुंबईची खोच निराळी. मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम, आणि वारा समुद्रावरून येत असल्याने विमाने बहुधा पूर्वेकडून, घाटकोपरच्या बाजूने उतरतात. लंडनहून येणारे विमान मात्र पश्चिमेकडून आलेले असते. त्याला शहराला वळसा घालून पूर्वेला जायचे, मग उलट फिरून धावपट्टीसमोर यायचे. म्हणून नकाशावर विमान मुंबईवर आलेले दिसते आणि तरी उतरायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. न्यायला आलेल्या मंडळींनी तेव्हा पार्किंगमधून गाडी काढू नये. जून-जुलैत पाऊस कोसळत असताना यात आणखी घिरट्यांची भर, आणि फारच झाले तर अहमदाबाद किंवा हैदराबादला वळवणे.

फोनवरचे विमान-मागोवा अॅप आणि विमान कंपनी यांच्या वेळा जुळत नाहीत, त्याचेही कारण हेच. कंपनी चार क्षण नोंदवते : गेट सोडले, चाके सुटली, चाके टेकली, गेटवर थांबले. तिकिटावरचा वेळ पहिल्यापासून चौथ्यापर्यंतचा. अॅपमध्ये 'उड्डाणाचा वेळ' म्हणून दिसतो तो बहुधा दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंतचा. फरक पाऊण तासापर्यंत जाऊ शकतो. तुलना करताना दोन्हीकडे एकच जोडी घ्या.

उशीर झाल्यास प्रवाशाला मिळणाऱ्या भरपाईच्या नियमात तर पाचवाच क्षण महत्त्वाचा ठरतो : विमानाचे निदान एक दार उघडले आणि प्रवाशांना उतरता येऊ लागले तो. युरोपीय न्यायालयाने २०१४ मध्ये हे ठरवले. ब्रिटनमधून सुटणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानाला ब्रिटनचा हा नियम लागू होतो; मुंबईहून ब्रिटनला जाताना तो ब्रिटिश किंवा युरोपीय कंपनी असेल तरच. ३,५०० किलोमीटरपेक्षा लांबच्या प्रवासात चार तास किंवा जास्त उशीर झाला तर ५२० पौंड, तीन ते चार तासांत त्याच्या निम्मे. हवामान, हद्दबंदी यांसारखी कंपनीच्या हाताबाहेरची कारणे असतील तर ही रक्कम मिळत नाही. आणि तिथे अंतर मोजतात ते ग्रेट सर्कलचे, उडालेल्या वळशाचे नाही.

तिकिटावरून वेळ काढताना घड्याळाचा घोळ सांभाळा. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत घड्याळ तासभर पुढे असते. या काळात भारत साडेचार तास पुढे, एरवी साडेपाच. समजा जानेवारीत मुंबईहून सकाळी ५:३० ला सुटून लंडनला १०:०० ला पोचणारे विमान आहे. पोचण्याच्या वेळेत साडेपाच मिळवा, दुपारचे ३:३० झाले, म्हणजे दहा तास. परतीला उलट करा : लंडन रात्री ९:३०, मुंबई दुसऱ्या दिवशी दुपारी १२:००; बारातून साडेपाच वजा केले की सकाळचे ६:३०, म्हणजे नऊ तास. तिकीट एका ऋतूत काढून प्रवास दुसऱ्या ऋतूत असेल आणि पुढे रेल्वेचे आरक्षण असेल, तर हा एक तास नक्की तपासा.

विमानतळही नीट वाचा. नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी उड्डाणे सुरू झाली आहेत. 'मुंबई' असे शोधल्यावर दोन्ही येऊ शकतात : बीओएम म्हणजे सांताक्रूझ-अंधेरीचे जुने, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. हवाई अंतरात या दोघांत नाव घेण्यासारखा फरक नाही, पण एकाला उतरून दुसऱ्यावरून लंडनचे विमान पकडायचे असेल तर मध्ये मुंबईची वाहतूक आहे. लंडनलाही हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन असे वेगवेगळे विमानतळ आहेत, आणि हीथ्रोहून गॅटविकला जाणे म्हणजे पुन्हा तास-दीड तासाचा रस्ता.

घरापासूनचा हिशोब करायचा तर पुण्याहून निघणाऱ्याने असा धरावा : द्रुतगती मार्गाने मुंबई विमानतळापर्यंत चार तास (घाटात अडकलात तर त्याहून जास्त, शुक्रवारी संध्याकाळी हमखास), तीन तास आधी हजर राहणे, विमानात दहा तास, हीथ्रोवर इमिग्रेशन आणि सामान मिळून एक ते दीड तास, आणि पुढे शहरात. हीथ्रो एक्स्प्रेस पॅडिंग्टनला पंधरा मिनिटांत नेते पण महाग आहे. एलिझाबेथ लाइनने मध्य लंडनला पाऊण तासाच्या आत पोचता येते, पिकॅडिली लाइनला जवळजवळ तास लागतो. एकूण एकोणीस-वीस तास. यातला विमानाचा वाटा निम्माच आहे, म्हणून दोन तिकिटांत वीस मिनिटांचा फरक असेल तर तो सोडून द्या आणि विमान किती वाजता पोचते ते बघा. पहाटे पोचणाऱ्याला हॉटेलची खोली बहुधा दुपारपर्यंत मिळत नाही.

प्रवासाच्या दिवशी खरा अंदाज हवा असेल तर त्याच क्रमांकाचे विमान गेल्या सात दिवसांत गेटपासून गेटपर्यंत किती वेळात गेले ते पाहा आणि सरासरीऐवजी मधले मूल्य (सातही वेळा चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी) घ्या. एका दिवशीच्या तीन तासांच्या घोटाळ्याने सरासरी बिघडते. मागच्या महिन्याचे आकडे घेऊ नका, विशेषतः ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिलमध्ये, कारण तेव्हाच जेट प्रवाह जागा बदलतो आणि वेळापत्रकेही बदलतात. त्या सात दिवसांतल्या मार्गांच्या रेषाही एकदा डोळ्यांखालून घाला. कालपर्यंत इराणवरून जाणारी रेषा आज सौदीवरून गेलेली दिसली, तर अर्धा तास जास्त धरा आणि पुढची गाडी त्या हिशोबाने पकडा.